गिटारच्या केसमध्ये सिलिका जेल टाकण्याआधी हायग्रोमीटर टाका

संपादक महोदय,

नमस्कार. तुमच्या पुरवणीत वाद्यांची निगा कशी राखायची यावर मजकूर आला होता तो वाचला. विषय घेतलात याबद्दल आधी थँक्यू, कारण आजकाल बऱ्याच घरात एक तरी गिटार असते पण ती ठेवायची कशी यावर कोणी बोलत नाही. फक्त त्यात गिटारसाठी जे दोन उपाय दिलेत, केसमध्ये ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वाजवून झालं की तारा सैल करून ठेवा, ते कोणी वर्षभर इमानेइतबारे पाळले तर गिटार वाचायच्या ऐवजी तिची वाट लागेल, म्हणून हे लिहितोय. पत्र थोडं लांबलंय, कापायचं तर कापा पण आकडे तेवढे राहू द्या.

तुमच्या लेखाचा सगळा रोख दमट हवेवर होता. ते अर्धंच खरं आहे. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, झाड कापून कितीही वर्षं झाली, वरून पॉलिश मारलं तरी हे चालूच राहतं, पावसात दार फुगून चौकटीत अडकतं तोच प्रकार. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात साधारण 9 टक्के ओलावा असतो, हवा 30 टक्क्यांवर आली की तो 6 वर येतो, आणि 80 वर जाऊन तिथेच मुक्काम ठोकला तर 16 पर्यंत चढतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, हलतं ते आडवं, लाकडाच्या रेषांच्या काटकोनात. अकूस्टिक गिटारचा टॉप म्हणजे पुढची फळी, बहुतेक वेळा स्प्रूसची, सगळ्यात रुंद जागी 40 सेंटीमीटरच्या आसपास आणि जाडीला जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. ओलावा 9 वरून 6 वर आला की ही फळी रुंदीत दीड-दोन मिलिमीटर आकसायला बघते. आकसणार कुठे? कडेने साइडला चिकटवलेली, आतून ब्रेसिंगच्या पट्ट्या चिकटवलेल्या, आणि त्या पट्ट्यांच्या रेषा वेगळ्या दिशेला, म्हणजे त्या काही तिच्याबरोबर आकसत नाहीत. मग फळी आधी आत बसते आणि तरीही ताण मोकळा झाला नाही की सरळ चिरते.

दमट हवेत याच्या उलट. ब्रिजच्या, म्हणजे टॉपवर तारा अडकवायच्या पट्टीच्या, मागे टॉप फुगतो, ब्रिज वर उचलला जातो, अ‍ॅक्शन म्हणजे तारांची नेकपासूनची उंची चढते, बोटं दुखायला लागतात, आवाज बसल्यासारखा येतो, तारा गंजतात. कटकट आहेच, आणि महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर डिंकाचे जोड ढिले पडतात, केसमध्ये बुरशी येते. पण वेळेत हवा ताळ्यावर आणली तर फुगलेली गिटार बहुतेक वेळा जागेवर येते. चीर गेली की गेली. म्हणून मला विचाराल तर कोरडी हवा जास्त वाईट, आणि तुमच्या लेखात तिचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

आता सिलिका जेल. त्याचं काम ओल घ्यायचं, हवा कोरडी पडली की ते ती भरवशाने परत देईल असं नाही. बंद केससारख्या छोट्या जागेत ते ओल ओढत राहतं आणि आकडा 40 च्या खाली कधी गेला ते कळतही नाही, उलट पुडी भरली की ती नुसतीच पडून राहते आणि आपण निवांत. हवा खरंच दमट असेल, आत आर्द्रता मोजायचा मीटर म्हणजे हायग्रोमीटर असेल आणि आकडा खाली यायला लागला की पुडी काढायची सवय असेल तर बेशक वापरा. पण तीच पुडी एसी किंवा हीटरच्या दिवसात आत राहून गेली तर तुम्ही आधीच कोरड्या पडलेल्या लाकडातून उरलीसुरली ओल पण काढून घेताय. यापेक्षा टू-वे पॅक बरे. त्यात क्षारांचं द्रावण असतं, हवा कोरडी झाली की ते ओल सोडतं आणि दमट झाली की ओढून घेतं, गिटारसाठी मिळतात ते साधारण 49 टक्क्यांचे असतात. तेही कायमचे नाहीत, कोरड्या हवेत ओल देऊन देऊन आतला माल सुकून कडक झाला की बदलायचे. आणि हे सगळं बंद हार्ड केसमध्येच नीट चालतं, पातळ गिग बॅगेत पॅक टाकणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

बहुतेक कंपन्या 45 ते 55 टक्के सांगतात. 40 ते 60 मध्ये राहिलं तरी झोप उडवायची गरज नाही, त्यातही हळूहळू बदललं तर लाकूड सांभाळून घेतं, दिवसातून दोनदा उड्या मारल्या की त्रास. आणि इथे तुमच्याच पेपरबद्दल एक गोष्ट. हवामानाच्या रकान्यात आर्द्रतेचा आकडा छापता ना, वाचक तो बघून ठरवतात की हवा दमट आहे, पुडी टाका. तो बाहेरचा आकडा आहे, खोलीतला वेगळा असतो. हवा तापली की तिची ओल धरायची ताकद वाढते, त्यामुळे पाणी तेवढंच असलं तरी टक्का घसरतो. शून्य अंशाची बाहेरची हवा, ओलीने पूर्ण भरलेली, म्हणजे 100 टक्के, ती आत घेऊन हीटरने 20 अंशांवर नेली की 25-30 टक्केच उरते, आणि बाहेर धुकं बघून माणूस म्हणतो काय दमट हवा आहे! एसी तर हवेतलं पाणी पाइपमधून बाहेरच काढतो, रात्रभर चालू आणि दिवसभर बंद असं केलं की गिटारला रोजचा झोका. उलट बाहेरच्या बाजूची भिंत थंड पडत असेल तर तिच्याजवळची हवा पण थंड होऊन दमट होते, म्हणून त्या भिंतीवर गिटार टांगू नये, आतल्या भिंतीवर ठीक. खिडकीचं ऊन नको, एसीचा झोत नको, स्वयंपाकघर-बाथरूमच्या शेजारी नको, पत्र्याखालचा माळा तर नकोच नको. खरं तर केसमध्ये घालून खटके लावून ठेवणं सगळ्यात सोपं, पण स्टँडवर दिसायला छान दिसते हे मलाही मान्य आहे.

मीटरबद्दल. छोटा डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि तो केसमध्ये ठेवा, हॉलच्या भिंतीवर लावून उपयोग नाही. नवाकोरा मीटर सुद्धा पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवू शकतो, तपासायची युक्ती घरातच आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवायचं नाही, ते झाकण आणि मीटर एका हवाबंद झिप पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची हवा नेहमीच्या तापमानाला 75 टक्क्यांवर येऊन थांबते. मीटर 70 दाखवत असेल तर तो पाचने कमी दाखवतो, तेवढं लक्षात ठेवायचं, झालं. मीटर नसेल तोवर हात वापरा: नेकच्या (दांड्याच्या) कडेने बोट फिरवल्यावर फ्रेटची, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं टोचत असतील तर त्यांच्याखालची फळी म्हणजे फिंगरबोर्ड आकसलाय, हवा कोरडी आहे. अ‍ॅक्शन अचानक वर गेली आणि हात न लावता तारा सुरात चढलेल्या मिळाल्या तर टॉप फुगलाय. अशा वेळी ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक जुळवायची सळई) फिरवायची घाई करू नका, आधी हवा नीट करा, थोडे दिवस जाऊ द्या, मग बघा.

तारा सैल करण्याबद्दल. स्टीलच्या लाइट सेटचा सगळा मिळून ताण 70-75 किलोच्या घरात असतो आणि नेक, आतला ट्रस रॉड हे त्या ताणाशी तोल धरून बसवलेलं असतं. रोज सैल, रोज घट्ट केलं की तोच तोल रोज बिघडतो, आणि तारा लवकर मरतात ते वेगळंच. फार दिवस वाजवणार नसाल किंवा विमानाने पाठवायची असेल तर एक-दोन सूर खाली उतरवा, पुरे. नायलॉनच्या तारांचा ताण पुष्कळ कमी असतो, तिथे एवढं पण करायला नको.

उन्हाबद्दल लेखात काहीच नव्हतं म्हणून सांगतो, बंद गाडीत कधीच ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीच्या आत तापमान 60 अंशांच्या वर जाऊ शकतं, तिथे डिंक मऊ पडतो आणि वर म्हटलेला 70 किलोचा ताण ब्रिजला ओढतच असतो. कडक थंडीतून घरात आणली तर केस लगेच उघडू नका, दोन-तीन तास तशीच राहू द्या, नाहीतर गार लाकडावर पाणी धरतं आणि नायट्रो लॅकर नावाचं पॉलिश असेल तर त्यावर जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात.

सगळ्याच गिटारांना एवढे लाड लागत नाहीत. प्लायचा म्हणजे लॅमिनेट टॉप आडव्या-उभ्या थरांमुळे बराच कणखर असतो, सॉलिड बॉडी इलेक्ट्रिकची काळजी मुख्यतः नेक आणि गंजापुरती, कार्बन फायबरला तर काहीच फरक पडत नाही. खरी नाजूक ती सॉलिड म्हणजे थर नसलेल्या अस्सल लाकडाच्या टॉपवाली, महागडी. आणि इथेच माझी तक्रार आहे. ओलावा किंवा कोरडेपणाने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत हे कंपन्या बारीक अक्षरात लिहून मोकळ्या होतात, पण विकताना टॉप सॉलिड आहे की लॅमिनेट हे सुद्धा गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कळत नाही, मग आर्द्रतेबद्दल कोण सांगणार. सॉलिड टॉपच्या प्रत्येक गिटारबरोबर एक हायग्रोमीटर आणि मोठ्या अक्षरातलं एक पान द्यायला काय हरकत आहे? गिटार क्लासवाल्यांनी पण पहिल्या कॉर्डच्या आधी पाच मिनिटं यावर घालवावीत.

तुमच्याकडून एवढीच विनंती, पुढच्या पुरवणीत छोटी चौकट छापा की सिलिका जेल मीटरशिवाय टाकू नये आणि तारा रोज सैल करू नयेत. आणि लेख वाचून कोणी आधीच पुड्या टाकल्या असतील आणि टॉपवर चीर दिसत असेल तर त्यात फेविक्विक ओतू नका, पुड्या काढा, आर्द्रता हळूहळू 50 च्या आसपास आणा, चीर पुष्कळदा आपोआप मिटत येते, मग कारागिराकडे न्या. मिटलेली चीर चिकटवून आतून लाकडाचे ठिगळ लावणं त्याला सोपं जातं, आधीच गोंद भरलेली असेल तर तो साफ करण्यातच अर्धं काम जातं.

आपला,
एक गिटारवाला वाचक