सोनूस, ओट्यामागच्या टाइलबद्दल

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा तुमचं नवं घर बघून परतताना गाडीत तू एक शब्द बोलली नाहीस. घरी आल्यावर तुझ्या आईनं मला फैलावर घेतलं, जावयांसमोर बोलायची काय गरज होती म्हणून. आता तुझा फोन येतो तो तिलाच, म्हणून हे कागदावर. तू टाइलचं विचारलं होतंस, त्याचं उत्तर राहूनच गेलं. पाण्याचा विषय काढणार नाही असं तुझ्या आईला कबूल करून लिहायला बसलोय.

तर पांढरं आणि निळं. निवड चांगली आहे, मला आवडली. सात बाय आठचं स्वयंपाकघर, खिडकी एकच आणि तीही डक्टमध्ये उघडणारी. तिथं पांढरी चकचकीत टाइलच पाहिजे, आहे तेवढा उजेड तरी खोलीत फिरेल. मॅट घेऊ नकोस. शोरूममध्ये ती भारी दिसते, पण तिथं कोणी फोडणी देत नाही. आपल्याकडं कांदा-लसूण चटणी तेलात पडली की जे उडतं ते मॅटवर धरून बसतं, मग घासा. निळा थोडाच ठेव, एका भिंतीला नाहीतर मधे एक पट्टी. सगळं निळं केलंस तर त्या खोलीत दुपारी चारलाच दिवेलागण होईल. रंग उडेल म्हणून मात्र भिऊ नकोस. निळा कोबाल्टचा असतो, भट्टीची आच सोसलेला. तो उडत नाही.

जयपूरहून आणलेल्या त्या हातानं रंगवलेल्या टाइल सुंदर आहेत, पण शेगडीमागं नकोत. ती ब्लू पॉटरी, तिच्यात कुंभाराची माती नसते. गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक, आणि भाजतात कमी आचेवर. ती नाजूकच. कढईची धग आणि मावशींची तारेची घासणी तिला झेपायची नाही. खिडकीशेजारी माठ ठेवणार आहेस ना, त्याच्या मागं लाव. येता-जाता दिसतील. शेगडीमागं मोरबीची साधी सिरॅमिक टाइल बास.

हिशोब असा. ओटा एल आकाराचा, सात फूट आणि पाच फूट मिळून 12 फूट. वर दोन फूट टाइल म्हणजे 24 चौरस फूट. बारा बाय अठरा इंचाच्या 16 टाइल बसतात. खोक्यात सहा असतील तर तीन खोकी घे. एखादी कापताना फुटेल, एखादी उरेल, ती माळ्यावर टाक, पुढं नळाचं काम निघालं की लागते. तिन्ही खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघून घे. पांढऱ्यात पांढरे पन्नास प्रकारचे असतात, भिंतीवर चढल्यावर कळून उपयोग नाही. तू दाखवलेल्या चार बाय चारच्या घेतल्यास तर 216 बसतील. दिसायला गोड, पण सांधेच सांधे. आणि सांधे व्हाइट सिमेंटनं भरलेस तर महिन्याभरात हळद पितील. इपॉक्सी भर. मिस्त्री कुरकुर करेल, कारण ते लवकर घट्ट होतं आणि हात झटपट चालवावा लागतो. करू दे कुरकुर.

सांध्यांचं एवढं का लावलंय ते सांगतो. परवा तू जावयांना लॉफ्ट कुठं येणार ते दाखवत होतीस, तेव्हा मी ओट्यापाशी वाकून जुन्या टाइल बघत होतो. जन्म टाइलच्या दुकानात गेला, नजर जातेच. टाइल लख्ख होत्या. पण ओट्याच्या वर चार बोटांपर्यंत प्रत्येक सांधा चहाच्या गाळणीसारखा तपकिरी, आणि त्याच्या वर एकदम पांढरा. या भिंतीला तेवढाच, त्या भिंतीलाही तेवढाच. हळदीचा डाग कधी असा पातळीत बसत नाही गं. टाइल पुसता येते, सांधा पुसता येत नाही. आणि तो विकणारा गृहस्थ आपल्याला चहा पाजत सांगत होता, इथं कधी पाणी आलेलं नाही. तिथंच माझं तोंड सुटलं.

2019 च्या पुरात कोल्हापुरात आक्काच्या शाहूपुरीतल्या घरात हीच रेघ होती. पाणी ओसरल्यावर आपण गेलो होतो. तू नवीन नोकरीतून रजा काढून आलीस. ट्रॉली ओढली तर प्लायवूड फुगून तुझ्या हातात आलं होतं, ओल्या पुठ्ठ्यागत थर सुटलेले. आक्का जिन्यावर बसून लोणच्याच्या बरण्यांसाठी रडत होती आणि तू सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून खराट्यानं चिखल ओढत होतीस. पाइप मारून भिंत धुतलीस आणि तिला ओरडून सांगितलंस, आत्या, टाइल सगळ्या शाबूत आहेत! ती हसली तेव्हा. घरी येऊन तुझ्या आईला मी काय सांगितलं ते तिलाच विचार. दादाला हे जमलं नसतं, असं म्हणालो होतो. त्याला सांगू नकोस.

बघ, काढलाच विषय. नदी लांब आहे हे जावयांचं म्हणणं खरं आहे. पण नागाळा पार्कात पाणी नदीकडून चालत येत नाही. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याच्या पाण्याला पुढं जायला वाट राहत नाही, ते मागं फिरतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे तुला शाळेत असल्यापासून पाठ आहे. 2019 ला 55 फुटांच्या वर गेलं. लोक म्हणाले, शंभर वर्षांत एकदा होतं असं. 2021 च्या जुलैत परत आलं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले अशी बातमी आली की आम्हा दोघांना घास जात नाही, आणि आम्ही तर दुसऱ्या मजल्यावर राहतो. तू तळमजल्यावर.

पुरे. घर तुमचं, हप्ते तुमचे, सह्या झाल्या. पस्तिशीच्या आत स्वतःच्या नावावर घर केलंस, आपल्या घरात हे कोणाला जमलं होतं? मी तुझ्याएवढा असताना भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर पिठलं करत होतो. हे परवा तिथं उभं राहून म्हणायचं सोडून मी सांधे बघत बसलो.

आता एवढं कर. ओट्याखाली प्लायवूडच्या ट्रॉल्या करू नकोस, कडप्प्याचे कप्पे घाल आणि आत स्टीलच्या जाळ्या. टाइल ओट्याच्या वरच नको, खालीही जमिनीपर्यंत ने. खालची साधी पांढरी चालेल, तिथं कोण बघतंय. जुन्या टाइलवर नवीन चिकटवू देऊ नकोस, मिस्त्री तेच सुचवेल. जुन्या काढून प्लास्टर ठोकून बघ. पोकळ आवाज आला किंवा पांढरे क्षार दिसले तर तेवढं प्लास्टर काढून नवीन करा आणि ते नीट वाळल्याशिवाय पुढं जाऊ नका. हे सगळं मे संपायच्या आत. इपॉक्सीचा जो फरक पडेल तो मी देणार, जावयांना सांगायची गरज नाही.

आईनं रविवारी जेवायला बोलावलंय, पांढरा रस्सा जावयांसाठी वेगळा कमी तिखट काढणार आहे. येताना टाइलचे नमुने घेऊन ये, गॅलरीतल्या उजेडात बघू. आणि वायरमनला आजच फोन कर. फ्रिजचा आणि मिक्सरचा सॉकेट त्या तपकिरी सांध्यांच्या चांगला दोन फूट वर घ्यायला सांग.

तुझे,
पप्पा