‘द एक्झॉर्सिस्ट’ मोठ्या पडद्यावर दाखवावा

महोदय,

विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शित ‘द एक्झॉर्सिस्ट’ हा १९७३ चा भयपट नुकताच नौपाड्यातील आमच्या घरी थोरल्या मुलासोबत पुन्हा पाहिला. पन्नास वर्षे उलटूनही तो आपल्याला धरून ठेवतो, याचे श्रेय त्यातील किळसवाण्या दृश्यांना द्यावे असे मला वाटत नाही. लहानग्या रेगनला सैतानाने झपाटले आहे असे कोणी उच्चारण्यापूर्वी तिची आई तिला एकामागून एक डॉक्टरांकडे नेते, आणि मानेत सुई खुपसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी होते तो प्रसंग मला कोणत्याही पिशाच्चदृश्याहून अधिक अस्वस्थ करतो. तपासण्यांतून काहीच निष्पन्न होत नसताना लेकरू डोळ्यांदेखत परके होत जाते. ही भीती रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढलेल्या प्रत्येक पालकाच्या ओळखीची आहे. अंगात येणे, बाहेरची बाधा हे आपल्याकडेही ऐकून माहीत असते. पण ही आई आधी दवाखाना गाठते, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

तंत्रातही तडजोड नाही. शयनगृहाचा सेट प्रत्यक्ष गोठवला होता, त्यामुळे पात्रांच्या तोंडची वाफ खरी आहे, तर सैतानाचा घोगरा आवाज मर्सिडीस मॅककेम्ब्रिज या अभिनेत्रीचा आहे. ध्वनीसाठी मिळालेले ऑस्कर सार्थ होते, पण तो ध्वनी घरच्या टीव्हीवर पुरता पोहोचत नाही. म्हणून ठाण्यातील एखाद्या चित्रपटगृहाने हा चित्रपट मराठी उपशीर्षकांसह प्रौढ प्रेक्षकांना दाखवावा, ही विनंती.

– एक चित्रपटप्रेमी, नौपाडा, ठाणे