रोशफोरच्या दोरखान्याची लांबी थाटापायी नाही

महोदय,

फ्रान्समधील रोशफोरच्या शाही आरमारी कोठारावरचा (म्हणजे लढाऊ जहाजे बांधण्याच्या तळावरचा) रविवार पुरवणीतील लेख माहितीपूर्ण आहे. पण तेथील ३७४ मीटर लांबीचा दोरखाना म्हणजे चौदाव्या लुईचा डामडौल, हे म्हणणे पटत नाही. त्याची लांबी दोराने ठरवली. लढाऊ जहाजाच्या नांगराचा सलग दोर सुमारे २०० मीटरचा असे. भांगेच्या झाडाचा वाख विंचरून सूत काढायचे, सुताचे पेड करायचे आणि पेडांना उलटा पीळ देऊन दोर वळायचा. या पिळांत लांबी साधारण एक तृतीयांशाने आखडते. म्हणजे २०० मीटर दोरासाठी ३०० मीटर सूत सरळ ताणावे लागते. शिवाय डांबर चढवायला आणि माल साठवायला जागा हवीच.

खरे कौतुक पायाचे. १६६६ मध्ये काम सुरू झाले तेव्हा खाली निव्वळ दलदल होती. वास्तुकार ब्लोंदेलने ओकच्या तुळयांची जाळी अंथरून तिच्यावर भिंती उभ्या केल्या. लाकूड कायम ओले आणि हवेपासून दूर राहिले तर सहसा कुजत नाही. १९४४ मध्ये जर्मनांनी माघार घेताना दोरखाना पेटवला, तरी भिंती उभ्या राहिल्या.

जागेची निवड मात्र अर्धीच साधली. जवळचे ब्रुआज बंदर गाळाने भरत होते, म्हणून लुईचा मंत्री कोल्बेर याने शारांत नदीच्या आतल्या वळणावरचे रोशफोर निवडले. शत्रूच्या तोफांपासून आडोसा मिळाला (आपली विजयदुर्गाची गोदीही अशीच वाघोटणच्या खाडीत आत आहे), पण पाणी उथळ. मोठी जहाजे हलकी ठेवूनच खाली न्यावी लागत. काठावरून माणसे दोरांनी ओढत आणि तोफा मुखाशी एक्स बेटाजवळ चढवल्या जात. जहाजे वाढत गेली, नदी तेवढीच राहिली. १९२७ मध्ये कोठार बंद झाले.

लेखात ‘एर्मियोन’ या जुन्या लढाऊ जहाजाच्या नव्या प्रतिकृतीचाही उल्लेख आहे. तेही ओकचेच, पण पायातल्या तुळयांसारखे सतत पाण्यात नव्हे. २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी बायोनजवळच्या आँग्ले येथे गेले असता त्याच्या लाकडात बुरशी सापडली. ते पाहण्यासाठी रोशफोरला जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

– एक वाचक, रत्नागिरी