सिनेटच्या हातोड्याला दांडा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकी सिनेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, चालीरीतींवर पानभर मजकूर आला. विषय निवडलात हे चांगले झाले. मराठीत त्यावर फारसे वाचायला मिळत नाही. पण पानाच्या मधोमध छापलेले चित्र पाहून गप्प बसवत नाही. कोर्टाच्या दृश्यात असतो तसा लांब दांड्याचा लाकडी हातोडा, आणि खाली ओळ : 'सिनेटचा ऐतिहासिक हातोडा'. सिनेटच्या हातोड्याला दांडा नाही. जुन्याला नव्हता, नव्यालाही नाही. दांड्याचा लाकडी हातोडा वापरतात तो प्रतिनिधीगृहात, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहात, स्पीकरच्या हाती. ते सभागृह वेगळे, तो हातोडा वेगळा.

सिनेटचा हातोडा आहे हस्तिदंताचा, जेमतेम अडीच इंच उंच. आकार डमरूसारखा, दोन्ही टोकांना रुंद आणि कमरेत बारीक. ती कमर बोटांत धरायची आणि तळ टेबलावर आपटायचा. जुना हातोडा १७८९ मध्ये पहिले उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी वापरला अशी आख्यायिका आहे, तिला पुरावा नाही. निदान १८३१ पासून तो वापरात होता एवढे मात्र सांगता येते. तुमच्या लेखकाने आख्यायिकाच इतिहास म्हणून छापली आहे.

हस्तिदंत थराथरांनी बनलेला असतो. कोरड्या हवेत तो आकसतो, दमट हवेत फुगतो, आणि वर्षानुवर्षे हे चालले की थरांच्या रेषेतच चिरा पडतात. त्यात रोजचे ठोके. १९५२ पर्यंत तो हातोडा इतका तडकला होता की आणखी फुटू नये म्हणून दोन्ही टोकांना चांदीच्या चकत्या बसवल्या. त्यानेही भागले नाही. १९५४ मध्ये अणुऊर्जेच्या विधेयकावर रात्री उशिरापर्यंत चाललेल्या तापलेल्या चर्चेत उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सभागृह शांत करण्यासाठी ठोके दिले आणि हातोडा फुटला. तसाच दुसरा करायचा तर एवढा मोठा, सलग हस्तिदंताचा तुकडा हवा. बाजारात तो मिळेना. मग सिनेटच्या अधिकाऱ्यांनी भारतीय वकिलातीकडे विचारणा केली.

आणि इथे तुमच्या मजकुरात एकच वाक्य आहे, तेही चुकीचे : 'हा हातोडा भारताच्या राष्ट्रपतींनी भेट दिला.' १७ नोव्हेंबर १९५४ रोजी सिनेटला हातोडा दिला तो डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी, आणि तेव्हा ते उपराष्ट्रपती होते. राष्ट्रपती झाले १९६२ मध्ये. पद चुकले तर काय मोठेसे, असे कुणी म्हणेल, पण त्या भेटीचा सगळा अर्थ त्या पदातच आहे. आपला उपराष्ट्रपती हा राज्यसभेचा पदसिद्ध सभापती. अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष हा सिनेटचा सभापती. दोघेही निवडून आलेले सदस्य नसताना वरिष्ठ सभागृह चालवतात, दोघांनाही समसमान मते पडली तरच मत देता येते. म्हणजे राज्यसभेच्या सभापतींनी सिनेटच्या सभापतींच्या टेबलासाठी हातोडा नेला. राज्यसभा तेव्हा अवघी अडीच वर्षांची होती. एका नव्या सभागृहाने दीडशे वर्षांहून जुन्या सभागृहाला त्याच्या कामाचे हत्यार द्यावे, याहून मोठी गोष्ट त्या अख्ख्या पानावर नाही, आणि ती तुम्ही एका चुकीच्या वाक्यात उरकलीत. मराठी वाचकाला त्या सभागृहात आपले म्हणावे असे काही दाखवायचे तर ते हेच.

नवा हातोडा जुन्याची हुबेहूब प्रतिकृती आहे, फरक एकच : त्याच्या मध्यावर फुलांची कोरीव पट्टी आहे. जुना फेकून दिलेला नाही. दोन्ही हातोडे महोगनीच्या एकाच पेटीत असतात आणि अधिवेशनाच्या दिवशी ती पेटी सभागृहात आणली जाते. ठोका पडतो तो नव्याचा. तुटलेला शेजारी असतो. 'जुना हातोडा संग्रहालयात ठेवला आहे' हे तुमचे वाक्यही त्यामुळे दुरुस्त करावे लागेल. आणि हो, 'सिनेटचे स्पीकर' असा उल्लेख मजकुरात तीनदा आहे. सिनेटला स्पीकर नसतो.

आता सूप. सिनेटच्या उपाहारगृहात रोज मिळणाऱ्या सूपला तुम्ही 'राजमा सूप' म्हटले आहे. त्यात नेव्ही बीन पडतात, म्हणजे घेवड्याचे लहान, पांढरे, वाटाण्याएवढे दाणे. राजमा त्याच जातकुळीतला खरा, पण त्याची साल जाड आणि रंग लाल. त्याने सूप तांबूस होईल आणि दाणा विरघळून दाटपणा येणार नाही. त्याहून वाईट म्हणजे चौकटीतली मापे. मूळ कृतीत दोन पौंड सुके दाणे आणि चार क्वार्ट गरम पाणी आहे. दोन पौंड म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम, चार क्वार्ट म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडे वर. तुम्ही पाणी बरोबर 'पावणेचार लिटर' छापले आणि दाणे 'दोन किलो'! कुणी हे मनावर घेऊन केले तर दाणे फुगून सगळे पाणी पितील आणि तासाभरात पातेले बुडाला लागेल. कृती अशी : दाणे धुऊन किंचित पांढरे दिसेपर्यंत गरम पाण्याखाली धरायचे, मग मोजलेल्या गरम पाण्यात धुरावलेल्या डुकराच्या पायाच्या सांध्याच्या तुकड्यांसह (दीड पौंड, म्हणजे सुमारे ६८० ग्रॅम) मंद आचेवर तीन तास, अधूनमधून ढवळत. तुकडे काढून गार करायचे, मांस बारीक चिरून परत घालायचे. एक कांदा दोन चमचे लोण्यावर हलका परतून घालायचा. मीठ-मिरपूड शेवटी, वाढण्याआधी उकळी आणताना. तुम्ही मीठ आधीच घालायला सांगितले आहे. धुरावलेले मांस स्वतःच खारट असते. तीन तास आटल्यावर ते सूप तोंडात धरवणार नाही.

या सूपचा जो किस्सा छापला तोही सिनेटचा नाही. उकाड्यामुळे सूप यादीतून काढलेले पाहून संतापलेले आणि ते रोज हवेच असे बजावणारे जो कॅनन हे प्रतिनिधीगृहाचे स्पीकर होते, साल १९०४. सिनेटच्या सूपचे श्रेय सिनेटर आयडाहोचे फ्रेड ड्युबॉय किंवा मिनेसोटाचे नूट नेल्सन यांच्याकडे जाते, आणि त्या दोघांतले खरे कोण याचा निकाल लागलेला नाही.

सभागृहातल्या ज्या डेस्कच्या खणात इतर सिनेटरांसाठी गोळ्या-चॉकलेट ठेवतात, त्या डेस्कवर मात्र मजकूर बऱ्यापैकी आहे, श्रेय द्यायला हवे. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉर्ज मर्फी यांनी आपल्या खणात गोळ्या ठेवायला सुरुवात केली आणि पुढे पूर्वेच्या, सर्वांत वर्दळीच्या दाराजवळची जागा त्यासाठी ठरून गेली, इथपर्यंत बरोबर. पण सभागृहात खाण्यास बंदी आहे, फक्त पाणी आणि दूध चालते, ही अट तुम्ही सांगितलीच नाही, आणि ती नसेल तर या खणाचे महत्त्व कळत नाही. शिवाय 'कंपन्या सिनेटरांना फुकट चॉकलेट पुरवतात' हे वाक्य वाचणाऱ्याला लाचेचा वास येईल. भेटवस्तूंच्या नियमात स्पष्ट सवलत आहे : माल त्या सिनेटरच्या स्वतःच्या राज्यात तयार झालेला हवा आणि तो इतरांना वाटण्यासाठी हवा. म्हणून ही जागा कोणाकडे आहे त्यावर खणातला माल बदलतो. पेनसिल्व्हेनियाचे रिक सँटोरम तिथे दहा वर्षे होते, त्यांच्या राज्यात हर्शी चॉकलेटचा कारखाना, तेव्हा अडचण नव्हती. २००७ मध्ये जागा वायोमिंगच्या क्रेग थॉमस यांच्याकडे गेली आणि त्या राज्यात मोठा कारखानाच नसल्याने छोट्या दुकानदारांवर भिस्त ठेवावी लागली.

एकोणिसाव्या शतकातले सिनेटर डॅनियल वेब्स्टर यांच्या आणि सभागृहातल्या इतर डेस्कबद्दल तुमची ओळ घाईची आहे. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी कॅपिटॉल, म्हणजे संसदेची इमारत, जाळल्यावर १८१९ मध्ये न्यूयॉर्कच्या थॉमस कॉन्स्टंटाइन यांच्याकडून ४८ डेस्क करून घेतली. राज्ये वाढली तशी त्याच नमुन्याची आणखी होत गेली. 'सर्व शंभर डेस्क १८१९ ची' हे म्हणूनच चूक. पुढे त्यांवर लिहिण्याची झाकणाची पेटी बसवली गेली, वेब्स्टर यांनी ती नाकारली, आणि त्यांचे डेस्क आजही तसेच बुटके आहे. ते न्यू हॅम्पशायरच्या ज्येष्ठ सिनेटरला मिळते, कारण वेब्स्टर निवडून गेले मॅसॅच्युसेट्समधून पण जन्मले न्यू हॅम्पशायरमध्ये. सिनेटचा १९७४ चा ठराव आहे तसा.

आपण दुरुस्त्या छापता हे मान्य, पण त्या छापता शेवटून दुसऱ्या पानावर, जाहिर नोटिसांच्या खाली, बारीक अक्षरात. गेल्या महिन्यात मंत्रिमंडळाच्या यादीतली चूकही तिथेच दुरुस्त झाली, ती किती जणांनी पाहिली असेल? चूक पानाच्या मधोमध आणि दुरुस्ती कोपऱ्यात, ही पद्धत बदला. या वेळी तरी येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, त्याच आकारात दोन्ही हातोड्यांचे छायाचित्र छापा : डावीकडे चांदीच्या चकत्यांचा तडकलेला, उजवीकडे कमरेला फुलांची पट्टी असलेला. खाली डॉ. राधाकृष्णन यांचे नाव, 'उपराष्ट्रपती व राज्यसभेचे सभापती' हे पद आणि १७ नोव्हेंबर १९५४ ही तारीख. आणि सूपच्या दाण्यांचे माप, कुणी पातेले चढवण्याआधी.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
सोलापूर