लिंकांच्या गर्दीतला आयडी

फोंडा, गोवा

प्रिय संदेश,

सप्रेम नमस्कार.

घुमटाच्या, म्हणजे आपल्या मातीच्या वाद्याच्या, तालावरच्या आरत्यांच्या व्हिडिओंची तुझी यादी पाहिली. चवथीत वाड्यावाड्यावरून लिंका गोळा केल्यास, मेहनत दांडगीच. पण अरे, एकच आरती चार-चारदा आली आहे. एकदा लांब लिंक, एकदा यूट्यूबची छोटी, एकदा मागे ‘एसआय’चं शेपूट लागलेली. लिंका जुळवत बसू नकोस, प्रत्येक लिंकेतला व्हिडिओचा आयडी, म्हणजे त्याची ओळखखूण, काढ.

यूट्यूबचा आयडी ११ अक्षरांचा: लहान-मोठी इंग्रजी अक्षरं, अंक, आडवी रेघ, अंडरस्कोर. रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना शोधायच्या चिन्हांच्या भाषेत, हे सगळं चौकटी कंसात घालायचं आणि पुढे महिरपी कंसात ११. आडवी रेघ मात्र चौकटीत अगदी शेवटी, नाहीतर ती ‘इथपासून तिथपर्यंत’ असा अर्थ लावते. नुसती ११ अक्षरं शोधलीस तर चॅनेलच्या नावातलीही उचलली जातील. म्हणून आधी खूण हवी: ‘व्ही’ आणि बरोबरचं चिन्ह, ‘शॉर्ट्स’, ‘लाइव्ह’, ‘एम्बेड’ किंवा छोट्या डोमेनपुढची तिरकी रेघ. हे पर्याय उभ्या रेघेने जोड.

ही चिन्हांची भाषा कोणी काढली म्हणून तू कपाळाला हात लावला होतास ना? क्लीनी नावाच्या गणितज्ञाने, १९५०च्या दशकात, आणि तेही मज्जातंतूंच्या जाळ्याचा विचार करताना! मजकूर शोधायला ती केन थॉम्पसनने १९६८ साली जुंपली.

इन्स्टाग्रामला ‘रील’ किंवा ‘पी’नंतरचं, पुढच्या तिरक्या रेघेपर्यंतचं घे. खरी गोम फेसबुकची. त्याच्या छोट्या लिंकेत व्हिडिओचा आकडा नसतोच, मग पॅटर्न कितीही हुशार असला तरी काय करणार? लिंक उघडून ती कुठे वळते ते बघायचं आणि तिथून आकडा काढायचा.

एक्सेलमध्ये चिकटवण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ कर. पंधरापुढचे अंक ते शून्य करून टाकतं, आणि आडव्या रेघेने सुरू होणारा आयडी त्याला सूत्र वाटतो. त्याचं ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ लहान-मोठं अक्षर एकच धरतं, यूट्यूब धरत नाही. तेवढं काम पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेलाच दे.

आणि कोणी तीच आरती डाउनलोड करून स्वतःच्या चॅनेलवर पुन्हा चढवली असेल, तर आयडी नवा मिळतो. तिथे रेजेक्सचा उपयोग शून्य. घुमट-शामेळाचा ठोका कानाने ओळखावा लागेल. तसल्या मला पाठव, रविवारी ऐकतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिनेश