चाचा, पान ३७चा कोपरा जागेवर बसला

आदरणीय चाचा, सलाम.

वाचनालयाची जुनी मासिकं दुरुस्त केल्याची तुम्ही सांगितली ती मजुरी पोहोचली. पण एका कामाचे पैसे तुम्ही लावलेच नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र.

सिकंदराबादहून परभणीला आलेल्या त्या पत्र्याच्या पेटीत अमेरिकेतल्या मंदीच्या काळातली मासिकं होती. १९२९ला तिथला शेअरबाजार कोसळला आणि १९३३पर्यंत चार कामकऱ्यांतला एक बेकार झाला. हातात पैसा नाही, दिवस मात्र मोकळा. अशा वेळी दहा सेंटात सव्वाशे पानं मिळायची. ‘द शॅडो’ हे मासिक १९३१चं, ‘डॉक सॅव्हेज’ १९३३चं. एक अंक घरभर वाचला जायचा, मग शेजारी जायचा. दहा सेंटात बसवायचं म्हणून कागद कच्च्या लाकडी लगद्याचा, त्यात तुरटी. तो कागद स्वतःच्याच आम्लानं जळतो. आधी पिवळा पडतो, मग तांबूस होतो, शेवटी पापडासारखा मोडतो. वाचून टाकून द्यायचीच वस्तू ती.

त्यातले दोन अंक आधी दुसरीकडे दिले होते. त्यांनी तिन्ही बाजू मशीनवर छाटल्या, समासासकट ओळींची टोकं गेली. पाठीला पांढरा गोंद थापला. तो सुकल्यावर कागदापेक्षा कडक होतो, त्यामुळं अंक उघडला की पान गोंदाच्या रेषेवरच तुटतं. वर ऐकवलं, ‘रद्दीच तर आहे.’

तुम्ही मे महिन्यात पेटी पाहिली आणि झाकण लावून म्हणालात, ‘मृगाचा पाऊस पडू द्या.’ आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की असलं पान उलटलं तरी तडकतं. हवेत ओल आली की ते जरा लवतं. मग गंजलेल्या पिना उपटल्या नाहीत, मागून त्यांचे पाय सरळ करून एकेक वर काढली. मैद्याची खळ पातळ शिजवून फडक्यातून गाळली. जपानी टिशूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, बोटाच्या पेराहून अरुंद पट्टी, कात्रीनं कापलेली नाही, हातानं फाडलेली, म्हणजे कडेचे तंतू पानात मिसळतात. खळ पट्टीला लावायची, पानाला नाही. पान भिजलं की त्यावर तपकिरी डाग उठतो. वर-खाली टीपकागद, त्यावर वजन आणि रात्रभर थांबायचं. पावसाळ्यात टीपकागद बदलायला विसरलं की बुरशी धरते. तुम्ही एकदाही विसरला नाहीत.

पण मनात घर केलं ते पाकिटांनी. गळून पडलेला एकेक तुकडा तुम्ही जपून ठेवला आणि वर पेन्सिलीनं लिहिलं: ‘पान ३७, खालचा उजवा कोपरा’. बहुतेक पाकिटांवर हेच, खालचा उजवा कोपरा. पान उलटताना अंगठा तिथंच टेकतो. बेकारीच्या दिवसांत ज्यांनी ज्यांनी हे वाचलं, त्यांच्या बोटांनी झिजलेली तीच जागा. दुसऱ्या कुणीही ते कण झाडूनं लोटले असते. कुणी बघत नाही, कुणी विचारणार नाही, तिथंही हात तसाच चालवणारी माणसं आपल्या गावात आहेत, याचा आम्हाला फार आधार वाटतो.

आठवा अंक अजून तुमच्याकडंच आहे. त्याची पाकिटं भरली, नंबर पडायचेत. घाई करू नका, हस्ताचा पाऊस होईस्तोवर ठेवा.

तुमचे,
वाचनालयाचे वाचक