गाडीतला एसी लावत जा

ती. आई आणि अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र गाडीबरोबरच पोचेल. पिंटूदादा चावी देताना अर्धंमुर्धं सांगेल, म्हणून मीच लिहिते: पिकअपचा एसी चालू करून घेतलाय. काम झालंय, पैसे दिलेत. सर्व्हिसिंगचं निमित्त करून गाडी जळगावला मागवली, कारण विचारलं असतं तर अप्पांचं उत्तर मला पाठ होतं.

गाडी विकायची नाही, हे तुमचंच म्हणणं आहे, अप्पा, आणि ते मी केव्हाच मान्य केलंय. पण मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, ओला पंचा तोंडाला बांधून, काचा उघड्या टाकून आईला रावेरहून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, हे मला झेपत नाही. सावद्याच्या पुढे जे झालं त्याबद्दल काही बोलत नाही. तुम्ही थकलात असंही म्हणत नाहीये. तसलं ऊन तरण्या पोरांनाही आडवं करतं. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना सरकारनेही एसी केबिन सक्तीची केली आहे. आपली गाडी त्यात येत नाही, जुनी आणि हलकी म्हणून. पण ऊन काही वजनकाटा बघून लागत नाही.

"गॅस भरला की महिन्याभरात संपतो," हा तुमचा जुना राग. अप्पा, तो गॅस डिझेलसारखा जळत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळाला. आजवर ज्याने त्याने गळती न शोधता वरून भरून दिला. या वेळी नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या पाण्याने एकेक जोड तपासला. कंडेन्सर, म्हणजे गॅस थंड करणारी पुढची जाळी, खालच्या कोपऱ्यात सडलेला निघाला. केळीच्या पाल्याचा भुगा नि चिखल तिथेच साचतो ना! शिवाय जोडांतल्या दोन रबरी ओ-रिंगा कडक झालेल्या. हे सगळं बदललं. ड्रायरही नवा टाकला, कारण जुन्याने ओल पिऊन घेतली होती. मग व्हॅक्यूम. आतली हवा ओढून घेतली की नळ्यांतली ओल साध्या तापमानालाच उकळून निघून जाते. ती राहिली तर व्हॉल्व्हपाशी गोठते, आणि आम्ल होऊन आतून कुरतडते. मेकॅनिकला घाई होती, पण मी पंप लवकर बंद करू दिला नाही. हसू नका, तुमचीच मुलगी आहे. शेवटी आर-134ए गॅस स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, काट्यावर मोजून. जास्त भरला तर उलट गारवा कमी होतो.

गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर वाचला, फक्त क्लचचं बेअरिंग गेलं होतं. ब्लोअरमध्ये मात्र उंदराचं घरटं! आई, तुझ्या हिरव्या नऊवारीची चिंधी त्यात होती. माझ्यावर आळ घेतला होतास, आठवतंय?

तुला सर्दी होईल ही भीती मला माहीत आहे. झडपा वर वळवून ठेव, म्हणजे वारा अंगावर येणार नाही. सीटमागे पातळ शाल ठेवली आहे. लहानपणी भुसावळहून येताना मी तुझ्या मांडीवर झोपायचे आणि तू तापलेल्या दाराच्या पत्र्यावर स्वतःचा हात ठेवायचीस, माझ्या डोक्याला चटका बसू नये म्हणून. तुझा हात भाजत असेल, हे मला फार उशिरा कळलं.

आता ऐका. गाडी उन्हात उभी असेल तर आधी काचा खाली करून दोन मिनिटं चालवा, कोंडलेली गरम हवा जाऊ द्या. मग काचा वर, आणि आतलीच हवा फिरवायचं बटण. गाडीखाली पाणी ठिबकेल, ते एसीचंच असतं, रेडिएटर फुटला म्हणून रस्त्यात बॉनेट उघडून बसू नका. डिझेल थोडं जास्त लागेल, खोटं कशाला बोलू. पालच्या चढाला ओढ कमी वाटली तर तेवढ्यापुरता बंद करा. थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लावा, नाहीतर सील सुकतात. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गारव्याला बसायचं नाही, कधीच नाही. आणि कॉम्प्रेसर फिरवणारा तो पट्टा परत काढून खुंटीला टांगायचा नाही.

अप्पा, बीपीची ती लघवी होणारी गोळी उन्हाळ्यात तेवढीच घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका.

शनिवारी रात्री फोन करते. आई, तूच उचल. अप्पा म्हणतील "एकदम गार आहे," आणि काचा उघड्याच असतील.

तुमची,
बेबी